स्वस्त, पण भरवशाचे? परवानाधारकांच्या देशी रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांचा लेखाजोखा

कोलकाता : लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय असलेला फोर्ट विल्यम आता ‘विजय दुर्ग’ या नावाने ओळखला जातो. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील विजयदुर्गावरून हे नाव घेण्यात आले असून, किल्ल्याच्या सेंट जॉर्ज दरवाजालाही शिवाजी महाराजांचे नाव मिळाले आहे. देशातील सरकारी शस्त्रनिर्मितीचा आरंभ याच किल्ल्यातून झाला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. १७७५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने येथे शस्त्रसामग्री मंडळ स्थापन केले. त्यापुढे हुगळीच्या काठाने काशीपूर आणि ईशापूर येथे कारखाने उभे राहिले. सामान्य परवानाधारकाच्या हाती येणारे स्वस्त पिस्तूल याच परंपरेतले आहे.

‘स्वस्त’ हा शब्द येथे जपूनच वापरावा लागतो. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींना परदेशी शस्त्रे आयात करणे जवळजवळ अशक्य झाले. त्यापूर्वी देशात आलेली जुनी परदेशी पिस्तुले आजही मालकाकडून मालकाकडे लाखो रुपयांना जातात. शिवाय ९ मिलिमीटर, .३८ आणि .४५५ हे बोअर सामान्य नागरिकांसाठी निषिद्ध आहेत. ईशापूरचा रायफल कारखाना सैन्यासाठी ९ मिलिमीटरचे पिस्तूल बनवतो. नागरिकाला मात्र त्याच कारखान्याचे.३२ बोअरचे ‘अशनी’ घ्यावे लागते. ग्राहकाला निवडच नसल्याने दर्जा सुधारण्याची निकड कारखान्यांना बराच काळ जाणवली नाही, असे मानण्यास जागा आहे.

कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर जुन्या ब्रिटिश वेब्लेच्या आराखड्यावर बेतलेले आहे. त्यात सहा काडतुसे बसतात. २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे होते. त्याची किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये ठरली. महिलांच्या संरक्षणासाठी म्हणून त्याची जाहिरात झाली आणि किमतीवरून टीकाही झाली. ईशापूरचे .२२ बोअरचे ‘निडर’ सुमारे २५० ग्रॅमचे आणि बाजारात आले तेव्हा किंमत ३५ हजारांच्या घरात होती. या वर्गातले खरोखर स्वस्त म्हणावे असे हेच.

मालकांच्या तक्रारी बहुधा ठरावीक असतात. चाप जड लागतो, विशेषतः घोडा आधी न चढवता थेट चाप ओढल्यास. त्यामुळे नेम हलतो. धातूच्या कडा नीट घासलेल्या नसतात, वरचा मुलामा लवकर उडतो. पिस्तुलात काडतूस मॅगझिनमधून नळीत जाताना अडकण्याची तक्रार अधिक ऐकू येते. रिव्हॉल्व्हरबाबत मालक तुलनेने निश्चिंत असतात, आणि त्याला कारण आहे. एखादे काडतूस उडाले नाही तर पुन्हा चाप ओढताच चक्री फिरून पुढचे समोर येते; पिस्तुलात तेच काम हाताने सरक मागे ओढून करावे लागते. घाबरलेल्या माणसासाठी हा फरक लहान नाही. दुसऱ्या बाजूला, जाड घडणीची ही शस्त्रे दीर्घकाळ टिकतात, सुटे भाग आणि दुरुस्ती देशातच मिळते, असे सांगणारे मालकही पुष्कळ आहेत.

दोष नेहमी शस्त्राचाच असतो असे नाही. कोलकाता किंवा कोकणातील दमट हवेत कातडी म्यानात महिनोन्‌महिने ठेवलेले पिस्तूल गंजते. वर्षानुवर्षे कपाटात पडलेली काडतुसे दगा देतात. काडतुसांची मर्यादा परवान्यावर नोंदलेली असल्याने अनेक मालक सराव करीतच नाहीत. मग आपल्या शस्त्राचा भरवसा त्यांना कळावा कसा? २०१६च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराला सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आवश्यक केले, तरी नियमित सरावाची जागा ते घेत नाही.

काडतुसांच्या बुडावर आढळणारी ‘केएफ’ ही अक्षरे पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. १८६९ मध्ये स्थापन झालेला हा कारखाना २०२१च्या पुनर्रचनेनंतर म्युनिशन्स इंडियाकडे, तर ईशापूर आणि कानपूरचे कारखाने अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीकडे गेले. आता खासगी स्पर्धाही आहे. ज्या वेब्लेच्या आराखड्यावर कानपूरचे रिव्हॉल्व्हर उभे राहिले, त्याच वेब्ले अँड स्कॉटचे उत्पादन उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात सुरू झाले. त्यानंतर २०२३ मध्ये कानपूरने ‘प्रबळ’ आणले. त्याची चक्री बाजूला उघडते, त्यामुळे काडतुसे भरण्यासाठी नळी खाली मोडावी लागत नाही.

याहून स्वस्त मिळतो तो गावठी कट्टा. त्याच्या नळीची दाबचाचणी कोणी केलेली नसते आणि ती फुटल्यास पहिली इजा धरणाऱ्याच्याच हाताला होते. अधिकृत शस्त्राची चाचणी झालेली असते, त्यावर उत्पादकाचे नाव आणि क्रमांक कोरलेला असतो. विनापरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षा २०१९च्या दुरुस्तीने वाढवण्यात आली. त्याच दुरुस्तीने एका परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्याही तीनवरून दोनवर आणली.