रजा आणि खाडा

कामावर न जाण्यास मराठीत दोन शब्द आहेत. कचेरीतील कारकून आजारी पडला म्हणजे तो 'रजा' घेतो. गिरणीतील किंवा शेतावरील मजूर आजारी पडला म्हणजे त्याचा 'खाडा' होतो. रजा मागावी लागते व ती मंजूर होते. खाडा कोणी मागत नाही. तो आपोआप पडतो, आणि त्या दिवसाची मजुरीही आपल्याबरोबर घेऊन जातो. ताप दोघांचा एकच. पण एकाचे दुखणे वहीत शिरते व दुसऱ्याचे वहीबाहेर राहते. शरीरश्रमाचा आजारपणाशी व आजारपणाचा गैरहजेरीशी काय संबंध आहे, या प्रश्नाचा इतिहास पाहू गेले असता हा भाषेतील भेद प्रथम ध्यानात ठेविला पाहिजे, असे आम्हांस वाटते. कारण या विषयीचे जे ज्ञान आज आपणांपाशी आहे, त्यातील पुष्कळसे रजेच्या वह्यांतून निघालेले आहे. खाड्यांतून निघालेले फार थोडे.

वसईच्या खाडीच्या उत्तरेस, नायगाव स्थानकाजवळ असलेले उमेळे हे गाव या विचारास मोठे सोयीचे आहे. १८६४ साली बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा मार्ग मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचला, आणि १९३६ साली विजेच्या गाड्या विरारपर्यंत धावू लागल्या. या दोन घटनांनी या टापूत श्रमाचे दोन प्रकार शेजारी शेजारी आणून बसविले. एकीकडे खाजणातील मिठागरे. पावसाळा सरल्यावर बांध दुरुस्त करावयाचे, भरतीचे पाणी आत घ्यावयाचे, ते उन्हात आटवावयाचे आणि उन्हाळाभर मीठ ओढून डोक्यावरून वाहावयाचे, हे तेथील काम. पाय खाऱ्या पाण्यात आणि डोळ्यांपुढे मिठाचा लखलखाट. दुसरीकडे पहाटेची गाडी गाठून मुंबईस जाणारा चाकरमानी. हा प्रवासात उभा असतो आणि कचेरीत बसलेला असतो. अंग थकते, पण अंगास व्यायाम म्हणून काही घडत नाही. पहिल्याचे शरीर अतिश्रमाने झिजते, दुसऱ्याचे निःश्रमाने गंजते. आजारी दोघेही पडतात. मग श्रम आरोग्यास हितकर म्हणावा की अहितकर?

हा प्रश्न नवा नाही. इटलीतील मोदेना येथे बेर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली निरनिराळ्या धंद्यांतील लोकांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्यास जे प्रश्न विचारावयाचे त्यात 'तुझा धंदा कोणता?' हा प्रश्न घालावा, असे त्याने वैद्यांस शिकविले. त्याच्या ग्रंथात मीठ पिकविणारांस जसे स्थान आहे, तसेच बसून काम करणाऱ्या शिंप्या-चांभारांसही आहे. आणि १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत लेखनिकांवरही त्याने लिहिले. अखंड बैठक, हाताची एकाच प्रकारची हालचाल आणि मनावरील ताण ही लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणे त्याने दिली. बैठ्या कामगारांनी निदान सुट्टीच्या दिवशी तरी शरीर हालवावे, असा त्याचा उपदेश आहे. म्हणजे अतिश्रम व निःश्रम हे दोन्ही रोगाचे बाप आहेत, हे त्याने तीनशे वर्षांपूर्वी पाहिले होते. मात्र त्याच्यापाशी डोळे होते, आकडे नव्हते.

आकडे निर्माण व्हावयास मोठमोठे कारखाने व्हावे लागले. हजारो माणसे एका भोंग्यावर कामास येऊ लागली, तेव्हा कोण आले नाही हे मोजण्याची गरज मालकास प्रथमच भासली. मुंबईच्या गिरण्यांत रिकामा साचा म्हणजे नुकसान. म्हणून गैरहजर माणसाच्या जागी 'बदली' घेण्याची रीत पडली, आणि १९३५ पासून त्या बदली कामगारांची पद्धतशीर नोंद गिरण्या ठेवू लागल्या. परंतु माणूस आला नाही एवढेच हजेरीपटास कळे; तो तापाने पडला, भात लावावयास कोकणात गेला, की थकून चाळीत झोपला, हे कळत नसे. खाड्यास कारण नसते. निदान ते लिहिण्याची चाल नव्हती.

हे कारण लिहिले जावे, यासाठी कायदा यावा लागला. १९३१ साली व्हिटले कमिशनचा अहवाल निघाला. पुढे १९४३ साली प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आजारविम्याची योजना आखण्याचे काम आले व १९४४ साली त्यांनी आपला अहवाल सादर केला. त्या काळी मजूरखाते डॉ. आंबेडकरांकडे होते. त्या अहवालाच्या पायावर १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा उभा राहिला. आजारी कामगारास वैद्याचा दाखला मिळावा आणि त्या दाखल्यावर काही अंशी वेतनाची भरपाई मिळावी, हे त्याचे सार. आमच्या मते या कायद्याचा खरा पराक्रम हा, की त्याने लाखो माणसांच्या खाड्याची रजा केली. मात्र हंगामी कारखाने त्याने प्रथमपासूनच वगळले होते. मिठागर हा 'कारखाना' तरी आहे की नाही, याविषयीही वाद होता. वडाळ्याच्या मिठागरासंबंधीच्या खटल्यात, उघड्या जमिनीवर समुद्राच्या पाण्याचे मीठ करणे हीही उत्पादनाची क्रियाच होय व ती जागा कारखाना होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला, तो १९६१ साली. ज्या कष्टांनी माणसाची कंबर मोडते त्यांस काम म्हणावे की नाही, हे ठरण्यास एवढा काळ लागला!

इकडे लंडनमध्ये रजेच्या वह्यांनी एक निराळेच सत्य सांगितले. जेरी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनी १९४९-५० मधील तेथील वाहतूकखात्याच्या नोकरांच्या आजाराच्या नोंदी तपासल्या. दुमजली बसगाडीवर दोन माणसे असत. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर तिकिटे देत दिवसाकाठी पाचशेहून अधिक पायऱ्या चढे. वर्ग तोच, गाडी तीच, शहर तेच. ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारे ३१,००० पुरुषांची ही पाहणी १९५३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा असे दिसले की, हृदयविकार ड्रायव्हरांत वर्षास हजारी २.७ तर कंडक्टरांत १.९ होता, आणि कंडक्टरास तो झालाच तर पहिल्या झटक्यात दगावण्याचे भयही कमी होते. दुमजली गाड्या मुंबईतही १९३७ पासून धावत होत्या. त्यांचा जिना चढणारे आमचे कंडक्टर आपण पुष्कळांनी पाहिले आहेत. त्या जिन्यात एवढे शास्त्र दडलेले असेल असे कोणास वाटले होते?

परंतु मॉरिस यांची थोरवी त्यांच्या सिद्धान्तापेक्षा त्यांच्या शंकेत आहे. ड्रायव्हर आजारी पडतो तो बसून राहिल्याने, की मुळातच स्थूल माणूस ड्रायव्हरीकडे वळतो म्हणून? याचा निकाल लावण्यासाठी त्यांनी गणवेशांची वही काढली! १९५६ साली त्यांनी दाखविले की, ड्रायव्हरांच्या विजारींचा कमरेचा घेर कंडक्टरांपेक्षा मोठा होता, आणि तो तरुण वयातही मोठाच होता. म्हणजे दोषाचा काही भाग कामाकडे, तर काही भाग माणसाच्या मूळ घडणीकडे जात होता. व्यायामाचे गुण गाणारांनी हा प्रसंग विसरू नये. जो निरोगी असतो तोच पुष्कळदा व्यायाम करतो. म्हणून व्यायाम करणारे निरोगी दिसले, एवढ्यावरून व्यायामानेच ते तसे झाले असे सिद्ध होत नाही.

ही सावधगिरी बाळगूनही पुढील संशोधनाचा कल स्पष्ट आहे. हॉलंडमधील पाहणीत (२००५) खेळ खेळणारे नोकर कमी वेळा व कमी दिवस आजाराची रजा घेतात, आणि बैठे काम करणारांत हा फरक विशेष असतो, असे आढळले. हेलसिंकी शहराच्या ४० ते ६० वर्षांच्या नोकरांत (२०१०) दम लागेल असा व्यायाम करणारांची रजा कमी भरली; सौम्य हालचालीने तेवढा लाभ दिसला नाही. डेन्मार्कमध्ये २०१२ साली सुमारे सात हजार नोकरांविषयी जे प्रसिद्ध झाले ते सर्वांत विचार करण्याजोगे आहे. फावल्या वेळच्या व्यायामाने दीर्घ आजाराच्या रजेचा धोका घटतो. पण कामातील शरीरश्रमाने तो उलट वाढतो!

उमेळ्याच्या मिठागराचे कोडे येथे बरेचसे उलगडते. 'कष्टकऱ्यास व्यायाम कशास हवा? त्याचे कामच व्यायाम,' असे आपण सुशिक्षित लोक सहज म्हणतो. परंतु व्यायाम थोडा वेळ असतो, त्यात हृदयास वेग येतो, आणि मागून विसावा मिळतो. केव्हा थांबावयाचे हे आपल्या हाती असते. मजुराचा श्रम तासन् तास चालतो, एकच स्नायू पुनःपुन्हा ओढला जातो, रक्तदाब दिवसभर चढलेला राहतो, आणि थांबणे मुकादमाच्या हाती असते. श्रमाने बल येत नाही. श्रमानंतरच्या विश्रांतीत ते येते. आमच्या तालमींतील वस्तादांस हे ठाऊक होते. मेहनतीइतकेच खुराक व झोप यांवर त्यांचे लक्ष असे.

यातून दोन कर्तव्ये निघतात. चाकरमान्याने रोज घटकाभर तरी दम लागेपर्यंत शरीर राबवावे. औंधच्या श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधींनी ज्या सूर्यनमस्कारांसाठी हयात वेचली, त्यांस चटईएवढी जागा पुरते. परंतु ज्याचे चार तास प्रवासात जातात त्यास हा उपदेश करण्यापूर्वी ती घटका त्याने कोठून आणावी, हेही सांगितले पाहिजे; कामाचे तास व गाड्यांची गर्दी हाही आरोग्याचाच विषय आहे. आणि मजुरास उपदेश नको. त्यास विसावा हवा, हलके ओझे हवे, आणि आजारी पडल्यास मजुरी हवी. ज्यास रजा नाही तो तापातही कामावर जातो. त्याचे खाडे थोडे भरले म्हणून त्यास निरोगी समजणे ही गणिताची क्रूर चूक होय.

हा न्याय सरकारने व कारखानदारांनी करावयाचा, असे म्हणून वाचकांस मोकळे होता येणार नाही. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी धुणीभांडी करावयास बाई येते. वाकून, ओल्यात, पाच-सहा घरांतून ती जे श्रम करते त्यांस कोणीही व्यायाम म्हणणार नाही. महिनाअखेर तिच्या पगारातून आपण जे वजा करतो, त्यास आपण 'खाडा' म्हणतो, आणि त्याच महिन्यात आपण स्वतः घेतलेल्या सुट्टीस 'आजाराची रजा'. कायदा जेथे पोहोचत नाही, तेथे निदान हा एक शब्द बदलणे प्रत्येक घराच्या हाती आहे.