शास्त्रज्ञांच्या दोन सभा

सभा भरविणे, ठराव मांडणे आणि तो संमत करून घेणे यातच माझे आयुष्य गेले. म्हणून शास्त्राच्या इतिहासातूनही मी दोन सभाच निवडल्या आहेत.

पहिली एडिंबरोची. अनुवंशशास्त्राची सातवी आंतरराष्ट्रीय परिषद आधी १९३७ साली मॉस्कोत भरावयाची होती. ती रद्द झाली. ऑगस्ट १९३९ मध्ये ती एडिंबरोस भरली, तेव्हा नियोजित अध्यक्ष निकोलाय वाविलोव्ह यांना त्यांच्या सरकारने येऊ दिले नाही. वाविलोव्ह यांनी देशोदेशी हिंडून पिकांचे आणि त्यांच्या रानटी भाईबंदांचे बियाणे लेनिनग्राडला जमविले होते. थंडी, रोग, अवर्षण यांना तोंड देण्याचे गुण अशा वाणांत असतात. वाण नाहीसा झाला की गुणही गेला. १९४० साली त्यांना अटक झाली आणि जानेवारी १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात ते वारले. लेनिनग्राडच्या वेढ्यात त्यांचे कित्येक सहकारी भुकेने मेले. पण जपलेल्या बियाण्याला त्यांनी हात लावला नाही.

दुसरी सभा मॉस्कोची, कृषिविज्ञान अकादमीची, ३१ जुलै ते ७ ऑगस्ट १९४८. मुख्य वक्ते अध्यक्ष त्रोफिम लिसेन्को. परिस्थितीमुळे वनस्पतीत घडलेला बदल तिच्या संततीत उतरतो, आणि जनुकाची कल्पना खोटी, असे त्यांचे म्हणणे. युद्धात एक डोळा गमावलेल्या इओसिफ रापोपोर्ट यांनी उभे राहून विरोध केला. शेवटच्या दिवशी लिसेन्कोंनी जाहीर केले की, आपले भाषण पक्षाच्या मध्यवर्ती समितीने तपासून मान्य केलेले आहे. लगेच काहींनी आपली मते मागे घेतली. रापोपोर्ट यांनी घेतली नाहीत. त्यांचे पक्षसदस्यत्व गेले, नोकरीही गेली. देशातील अनुवंशशास्त्राचे शिक्षण मोडून पडले. लिसेन्कोंची सद्दी संपावयास १९६५ साल उजाडले.

लिसेन्को शेतकऱ्याचे पुत्र. आम्हा चळवळीतल्या माणसांना असा वक्ता चटकन आपला वाटतो. म्हणून ही हकीकत आमच्यापैकीच कोणी सांगितली पाहिजे. वरून ठरून आलेल्या एका ठरावाला मीही एकदा हात वर केला होता. विरोधात एकटाच कामगार बोलला, आणि आम्ही त्याला खाली बसविले. वर्षभराने त्याचाच हिशेब खरा ठरला. तोवर कित्येकांची रोजी गेली होती.

बहुमताने संपाचा निर्णय होऊ शकतो. गव्हाच्या दाण्यातून काय उगवेल याचा होत नाही. त्यासाठी शेतात पेरून पाहावे लागते, आणि निराळे दिसले तर तसे सांगणाऱ्याला बोलू द्यावे लागते.