ती कोण होती?

परवा देवळीत माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी स्नेहमेळावा घेतला. पन्नाशी ओलांडलेली पोरं! जेवणं झाल्यावर गाण्यांची फर्माईश सुरू झाली आणि एकानं ‘ती गेली तेव्हा’ म्हटलं. मध्येच त्याचा आवाज अडला. मागून कुणीतरी कॉलेजातल्या एका मुलीचं नाव घेतलं, हशा पिकला. माझ्यातला मास्तर जागा झाला. "अरे, हे प्रेयसीचं गाणं नाही," असं सांगायला मी उठूच लागलो होतो.

मंडळी, चूक माझीही तीच होती. ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे (१९३७-२०१२), आपल्या नागपूरचे, मॉरिस कॉलेजात मराठी शिकवायचे. त्यांच्या कवितेला दुर्बोध म्हणून नाकं मुरडणारी माणसंही हे गाणं मात्र गुणगुणायची. हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि त्यांचाच आवाज. ‘निवडुंग’ (१९८९) चित्रपटातून ते घराघरांत गेलं. पाऊस, संध्याकाळ, गेलेली ‘ती’... एवढं ऐकलं की आपण आपला अर्थ लावून मोकळे! वास्तविक कवितेतच पुढे स्पष्ट आई आहे, अंगणात संपलेलं बालपण आहे, खिडकीतला कंदील आहे. वर्गात मी पोरांना ओरडायचो, "कविता शेवटपर्यंत वाचा." स्वतः मात्र कित्येक वर्षं पहिल्या ओळींवरच अडकलो होतो.

आठवणीचं गाणं असं मोकाट सुटतंच असं नाही. ‘ऐ मेरे वतन के लोगों’ घ्या. २७ जानेवारी १९६३, दिल्लीचं नॅशनल स्टेडियम. शब्द कवी प्रदीप यांचे, चाल पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची, गायल्या लताबाई. चीनचं युद्ध थांबून दोन-सव्वादोन महिने झाले होते. नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं, हे सर्वांना ठाऊक आहे. तिथे कुणाला आठवायचं ते गाणंच सांगतं आणि सगळं स्टेडियम मिळून त्यांनाच आठवतं. मी तेव्हा शाळेत होतो. पुढे दर २६ जानेवारीला मैदानावर ते वाजलं की आम्ही आपोआप ताठ उभे राहायचो. रडण्याचीसुद्धा जणू कवायत. (हे मी थट्टेनं म्हणत नाही, घसा माझाही दाटायचा.)

ग्रेस यांच्या गाण्यात असा फलक नाही. असला तरी आपण तो वाचत नाही.

माझी आई गेली ती मे महिन्यात. वर्धेकडचं ऊन काय असतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको, रिमझिम कुठली! घाटावरून परतलो तेव्हा पायाखालची जमीन भाजत होती. आठवड्याभरानं शेजारच्या रेडिओवर हे गाणं लागलं आणि त्यातली आई मला पहिल्यांदा ऐकू आली. तेव्हापासून ऐकणाऱ्या प्रत्येकाला मी दुरुस्त करत आलो. मास्तरकी अंगातून जात नाही, दुसरं काय!

असो. परवा मी उठणार तेवढ्यात शेजारी बसलेल्यानं माझा हात दाबला. हळूच म्हणाला, "राहू द्या जी सर. मागच्या पोळ्याले त्याची घरची गेली."

मी खाली बसलो. थोड्या वेळानं त्याला म्हटलं, "पुन्हा म्हण बाबा, सुरुवातीपासून."