शेपटीची भाषा

आमच्या अंबडला मत्स्योदरी देवीच्या टेकडीत सर्वांना मासा दिसतो. मलाही दिसतो. पण पाहायचे ते पाहणाऱ्या याच डोळ्यांनी आम्ही कुत्र्याकडे पाहतो, आणि तेथे घोटाळा होतो.

शेजारचे आजोबा अंथरुणाला खिळले होते तेव्हाची गोष्ट. मध्यरात्री गल्लीतली पिवळी कुत्री तोंड वर करून रडू लागली. आजी ओट्यावरून म्हणाल्या, "मास्तर, तिला यम दिसतोय हो. हाकला तिला!" मी मॅट्रिक झालेला, पोरांना इतिहास शिकवणारा माणूस, तरी धोंडा उचलला. तो तिच्या पायाला लागला.

कुत्र्याचा अर्थ लावताना सरकारेही चुकली आहेत. मुंबईत उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा इंग्रजांचा नियम १८१३ सालचा. १८३२ साली मुदत वाढली आणि कुत्र्यामागे ८ आणे इनाम लागले. मग काय! मारेकरी घरांच्या आवारात शिरू लागले. धन्याच्या दारात निजलेले कुत्रेही त्यांच्या लेखी मोकाटच. ६ जूनला पारशी मंडळी शिपायांवर धावून गेली. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, फौजेची रसद अडली. पारशांच्या सगदीद विधीत प्रेतावर कुत्र्याची नजर पडावी लागते. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला 'चार डोळ्यांचा' कुत्रा त्यासाठी उत्तम. अखेर कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावी, अशी तोड निघाली. एकाच प्राण्यात सरकारला उपद्रव दिसला, पारशांना पावित्र्य. तो स्वतः काय सांगतो, हे पाहायला त्या गर्दीत कोणाला सवड होती?

ती डार्विनने काढली. १८७२ सालच्या ग्रंथात त्याने दोन कुत्रे दाखवले: चिडलेल्याचे अंग ताठ, केस उभे, शेपूट वर, लाडात आलेल्याचे अंग लवलेले, कान मागे. पुढे २००९ साली न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी आणखी एक गंमत दाखवली. खोडी केलेली असो वा नसो, धनी रागावला की कुत्रा 'अपराधी' चेहरा करतो. आपण त्याला कबुलीजबाब समजतो!

आणि रडणे? लांडग्यांप्रमाणे कुत्रीही ताटातूट झालेल्या सोबत्यांना अशी हाक घालतात. सकाळी वर्गातल्या एका पोराने सांगितले, "गुरुजी, तिची पिल्लं काल पोत्यात घालून कुणीतरी गावाबाहेर सोडली." आजोबा त्यानंतर तीन दिवाळ्या पाहून गेले.

दुपारी मी तिच्यापुढे भाकरी टाकली. ती लंगडत आली, शेपूट हलवली. मला वाटले, क्षमा केली. मग नीट पाहिले. भित्र्याने 'शेपूट घातली' असे आपणच म्हणतो ना? हलत होते ते नुसते टोक. बाकीची शेपटी तिने पायांत घट्ट घातली होती.