हंशाची नोंद

विडंबन हें मूळ कृतीच्या द्वेषांतून जन्मतें, असा एक समज रूढ आहे. परंतु इतिहास त्यास दुजोरा देत नाहीं. ज्या गाण्याशीं श्रोत्यांचा जिव्हाळाच नाहीं, त्याच्या थट्टेला कोणीहि हंसत नाहीं. १९६१ सालीं अमेरिकेंत टॉम व डिक स्मदर्स या गाणाऱ्या विनोदी बंधूंची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तिचें वर्म हेंच होय. एकाजवळ गिटार, दुसऱ्याजवळ बास. लोकगीत गंभीरपणें आरंभावयाचें, मध्येंच अडखळावयाचें आणि त्यावरून भांडावयाचें! त्या सुमारास तेथें लोकगीतांची आवड भरास आली होती, म्हणूनच ही थट्टा लोकांस रुचली. त्या तबकडींत गाण्याइतकाच श्रोत्यांचा हंशाहि सांठविलेला आहे.

आमच्याकडे असें कांहीं नव्हतें काय? गाण्यांतील जोडीचें पुण्यास कधींच नवल नव्हतें. उत्तर पेशवाईंत होनाजीनें रचावें व बाळा करंजकरानें गावें, असा क्रम होता. दोघांचें मिळून एकच नांव झालें, आणि १९५१ च्या 'अमर भूपाळी' या बोलपटानें तें पुन्हां घरोघर पोंचविलें. थट्टेची जोडी मात्र तमाशाच्या गौळणींत शोधावी लागते. संतांनीं भक्तिभावानें गाइलेला मथुरेच्या बाजाराचा प्रसंग तेथें उलटा होतो. पेंद्या वाट अडवितो, पुरुषानेंच सोंग घेतलेली मावशी त्याला शब्दांनीं लोळविते, आणि ढोलकी दोघांनाहि साथ करिते. हें सर्व पाहून हंसणारा प्रेक्षक दुसऱ्या दिवशीं त्याच कृष्णाच्या कीर्तनास बसत असे. त्याला यांत विसंगति वाटत नसे.

आतां दुसरी बाजू पाहा. १९२५ सालीं आचार्य अत्रे यांनीं 'केशवकुमार' या नांवानें 'झेंडूचीं फुलें' प्रसिद्ध केलीं. पुण्याच्या रविकिरण मंडळासारख्या कवींची ती थट्टा ग्रंथरूप झाली, आणि आज शंभर वर्षांनींहि आपण ती वाचूं शकतों. तमाशा बहुतांशीं महार, मातंग व कोल्हाटी समाजांतील कलावंतांनीं जगविला. त्यांची बतावणी आयत्या वेळीं सुचे आणि त्याच रात्रीं विरून जाई. एकाच काळांतील दोन विनोदांपैकीं एकाला कर्ता, साल आणि आवृत्ति मिळाली. दुसऱ्याच्या कर्त्यांचीं नांवेंहि बहुधा उरलीं नाहींत. हा भेद गुणांचा नव्हे, लेखणी कोणाच्या हातीं होती याचा आहे.

१९६५ सालीं वसंत सबनीसांचें 'विच्छा माझी पुरी करा' रंगभूमीवर आलें, तेव्हां तमाशाची हीच रीत सुशिक्षितांनीं डोक्यावर घेतली. त्याची संहिता छापली गेली; पण दादा कोंडके प्रयोगागणिक जी भर घालीत, ती कागदावर कशी यावी? लोकविनोदाचा अर्धा भाग गाणाऱ्यांचा आणि अर्धा हंसणाऱ्यांचा असतो. ज्या समाजानें गाणीं जपलीं पण हंशा जपला नाहीं, त्याच्या वाङ्मयेतिहासाचा एक मोठा अध्याय कोराच राहतो.