बस तोट्यात, मग कोस्टल रोड कशात?

'बेस्टची बस तोट्यात आहे' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे की ते आता कुणी तपासूनही पाहत नाही. कोस्टल रोड तोट्यात आहे, असे मात्र कुणी म्हटल्याचे आम्हाला आठवत नाही. वरळी ते मरीन ड्राइव्ह, जेमतेम साडेदहा किलोमीटर. त्यावर महापालिकेचे 13 हजार कोटींहून अधिक रुपये गेले. टोल नाही आणि दुचाकीला प्रवेशही नाही. मोटारवाल्यावरचा खर्च तो 'विकास' आणि बसवरचा खर्च तो 'अनुदान'! ही भाषा आली कुठून, हे बघायला थोडे मागे जावे लागते.

मुंबईत घोड्याची ट्राम 9 मे 1874 रोजी सुरू झाली. 1907 मध्ये ट्राम विजेवर आली. वीज विकणारी आणि ट्राम चालवणारी कंपनी एकच होती, बेस्टच्या नावात वीज आहे ती त्यामुळे. 1926 मध्ये बस आली आणि 7 ऑगस्ट 1947 रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, हा सगळा कारभार महापालिकेच्या मालकीचा झाला.

त्याच वर्षी बाबासाहेबांचे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' प्रसिद्ध झाले. महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, ही त्यातली मागणी सर्वांना माहीत आहे. त्याआधी 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते आणि विजेचे धोरणही त्यांच्याकडेच होते. वीज खासगी हातात ठेवायची की राज्याच्या, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच चर्चेला आणला होता. बाबासाहेबांना फक्त घटनेपुरते आठवणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

मालकी सार्वजनिक झाल्याने एक साधी गोष्ट शक्य झाली. विजेच्या नफ्यातून बसची तूट भरून निघायची. दक्षिण मुंबईतल्या दुकानाचा, कचेरीचा दिवा जळायचा आणि त्यातून गोवंडी-मानखुर्दच्या कष्टकऱ्याचे तिकीट स्वस्त राहायचे. 2003 चा वीज कायदा आल्यावर या व्यवस्थेलाच आव्हान मिळाले आणि पुढे वाहतुकीची तूट वीजबिलातून वसूल करणे थांबले. हक्काचा पैसा गेला, आणि बेस्ट दरवर्षी पालिकेच्या दारात हात पसरू लागली.

आता इंधनाचा हिशेब करू. शहराच्या गर्दीत डिझेलची बस लिटरला तीन-चार किलोमीटर जाते, मोटार बारा-पंधरा. पण बसमध्ये चाळीस माणसे असतात, मोटारीत एक किंवा दोन. माणशी इंधन मोजले तर मोटारवाला बसमधल्या बाईच्या पाच-सहा पट तेल जाळतो. मग खरे अनुदान कोण खातो? (विजेवर चालणारी ट्राम आपण 1964 मध्ये बंद केली आणि आज विजेची बस हा नवा शोध म्हणून सांगतो, ती गंमत वेगळीच.)

सरकार काहीच देत नाही, असे नाही. फेम योजनेत विजेच्या बससाठी पैसा आला. 2023 च्या पीएम ई-बस सेवेत 10,000 बस आणि केंद्राचे 20,000 कोटी जाहीर झाले. ऊर्जा वाचवायला हा पैसा हवाच, त्याला आमचा विरोध नाही. पण बस ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, आणि ठेकेदाराच्या भरतीत आरक्षण नाही. जानेवारी 2019 च्या नऊ दिवसांच्या संपानंतर 3,337 स्वतःच्या बस राखण्याचे ठरले होते, आज बेस्टच्या मालकीच्या बस त्याच्या निम्म्याही नाहीत. ज्या नोकऱ्यांनी आपल्या कित्येक घरांतली पहिली पदवीधर पिढी घडवली, त्या पर्यावरणाच्या नावाखाली गुपचूप नाहीशा होत आहेत. हरित योजनांच्या जाहिरातीत हा रकाना नसतो.

आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो, तिथल्या घरकामाला आणि सफाईला जाणाऱ्या बाया बसनेच जातात. जुलै 2019 मध्ये किमान भाडे 5 रुपये झाले, तेव्हा जिथे चालत जायचे तिथे त्या बसने जाऊ लागल्या. 9 मे 2025 पासून ते 10 रुपये आहे. पहिली ट्राम धावली त्याला त्याच दिवशी 151 वर्षे झाली होती. कोस्टल रोडवर टोल अजूनही नाही.