जो बूट कामी आला, तो उरला नाही

जुन्या लष्करी वस्तूंच्या बाजारात एक नियम दिसतो. जी वस्तू कमीत कमी वापरली गेली, तिला जास्तीत जास्त किंमत. दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांचे बूट हे याचे चांगले उदाहरण. संग्राहक हे बूट हौसेने विकत घेतात. कातडे मऊ आहे का, आतली लोकर शाबूत आहे का, चेन सरकते का, ब्रिटिश हवाई मंत्रालयाचा मुकुट आणि ‘ए. एम.’ ही अक्षरे वाचता येतात का, हे पाहून भाव ठरतो. आपण मात्र इतिहासाच्या बाजूने एक प्रश्न विचारू. असा सुस्थितीतला बूट नेमकी कशाची साक्ष देतो?

आधी हे बूट कशासाठी होते ते पाहू. पुण्याजवळ लोहगावचा लष्करी विमानतळ १९३९ साली उभा राहिला. तेथून नगर रस्त्याने शिरूरकडे निघाले, की रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीला लागून कारेगाव लागते. कारेगावात दुपारी ३५ अंश सेल्सिअस तापमान आहे असे धरू. दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे गावाच्या बरोबर डोक्यावर सहा हजार मीटर उंचीवर ते ३९ अंशांनी कमी, उणे चारच्या आसपास असेल. युरोपातील हिवाळ्यात याच उंचीवर थंडी कितीतरी अधिक. त्या काळच्या बहुतेक लढाऊ विमानांत ऊब बेताचीच असे. म्हणून बुटांना आतून मेंढीचे लोकरीसकट कातडे लावत. लोकरीच्या तंतूंत हवा अडकून राहते आणि स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक असते. शिरूर-दौंडच्या माळावर मेंढरे राखणारा धनगर खांद्यावर घोंगडी घेतो, ती याच तत्त्वावर.

पण थंडीखेरीज आणखी एक अडचण होती. विमान पडू लागले म्हणजे वैमानिक हवाई छत्रीने उडी घेई. छत्री उघडताना बसणाऱ्या हिसक्याने सैल बूट पायांतून निसटत. शत्रूच्या मुलुखात अनवाणी किती चालणार? आणि बूट पायांत राहिले, तरी त्या उंच लोकरी बुटांवरून माणूस वैमानिक असल्याचे कोणीही ओळखी. ब्रिटनमध्ये १९३९ च्या अखेरीस ‘एम. आय. नऊ’ हा गुप्त विभाग स्थापन झाला होता. शत्रूच्या मुलुखात अडकलेल्या सैनिकांना निसटायला मदत करणे हे त्याचे काम. तेथील क्लेटन हटन यांनी यावर तोड काढली. १९४३ च्या नमुन्याच्या बुटात खालचा भाग म्हणजे नाडी बांधायचा साधा काळा बूट होता आणि वरची लोकरी नळी त्याला शिवलेली होती. आत एक छोटे पाते लपवलेले असे. जमिनीवर उतरल्यावर त्या पात्याने नळी कापून टाकायची, की पायांत चारचौघांसारखे बूट उरत.

आता बाजारातल्या त्या सुरेख जोडीकडे पुन्हा पाहा. तिच्या नळ्या शाबूत आहेत, पातेही जागेवर आहे. याचा अर्थ, ज्या कामासाठी ती बनवली ते काम तिने कधी केलेच नाही! ज्या बुटांनी ते केले, त्यांच्या नळ्या कुठल्यातरी शेताच्या बांधावर कुजल्या आणि तळवे चालून चालून झिजले. उद्या कोणी केवळ संग्रहांतील बूट मोजून ‘नळ्या कापण्याची वेळ फारशी आलीच नाही’ असे म्हटले, तर तो निष्कर्ष चुकीचा ठरेल.

त्याच सुमारास अमेरिकेत अब्राहम वाल्ड हे संख्याशास्त्रज्ञ याच स्वरूपाच्या प्रश्नावर काम करत होते. परत आलेल्या विमानांवरील गोळ्यांच्या खुणांवरून विमानाचा कोणता भाग नाजूक आहे हे कसे ठरवायचे? वाल्ड यांच्या विचारातील मर्म असे, की जी विमाने परतलीच नाहीत त्यांचा हिशेब धरावा लागतो. परतलेल्या विमानांवर ज्या जागी खुणा कमी, ती जागा कदाचित सर्वांत घातक. तेथे गोळी लागलेले विमान माघारी येतच नाही. हेच वाल्ड १९५० च्या डिसेंबरात भारतात व्याख्यानांसाठी आले असता निलगिरीत विमान अपघातात वारले.

हा विचार आपल्या गावाला लावून पाहू. विजेचे पंप येण्याआधी विहिरीचे पाणी मोटेने काढत. बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीत कमावलेले कातडे, त्याची मोट आणि तिची लांब सोंड. गावचा चर्मकार ती शिवी आणि फाटली की ठिगळ लावी. शेतकऱ्याच्या वहाणाही त्याच्याच हातच्या. ज्या कातड्याने पिढ्यान्‌पिढ्या शेते भिजवली, त्याचा तुकडा आज किती घरांत सापडेल? ते झिजेपर्यंत वापरले गेले, म्हणूनच उरले नाही. तलवारी आणि दागिने मात्र पेटीत राहिले. वस्तुसंग्रहालय पाहताना विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे, नाहीतर जे जपले गेले तेवढाच इतिहास असे त्यांना वाटेल.

कायदाही येथे फारसा मदतीला येत नाही. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाप्रमाणे अशी वस्तू किमान शंभर वर्षांची असेल तरच पुरावस्तू ठरते. १९४३ चा बूट २०४३ पर्यंत त्यात बसत नाही. पत्र्याची मोट तोवर भंगारात गेलेली असेल.

म्हणून शाळेत एक काम करता येईल. मुलांनी घरातील एकेका झिजलेल्या वस्तूची नोंद करावी: ती कोणी बनवली, कशाची, कोठे झिजली, कशी दुरुस्त केली. वस्तू पुसूनपासून चकचकीत करू नये, कातड्याला तेल-पॉलिश लावू नये. ते उन्हात न तापवता कोरड्या, हवेशीर जागी ठेवावे. दमट हवेत बुरशी धरते. विकायची असली तरी आधी नोंद करावी. संग्राहक ज्या झिजेसाठी किंमत कमी करतो, तीच झीज वस्तू वापरणाऱ्या माणसाबद्दल सर्वांत जास्त सांगते.